अख्खा फरा

गेल्या आखाडातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी भावकीतल्या अकरा माणसांसमोर वडिलांकडे बोकडाचा मागचा फरा, म्हणजे मांडी, अख्खा मागितला. वडिलांनी तो बाजूला ठेवला. आमच्या वस्तीवर फरा न तोडता राहिलेला त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

वस्ती इंदापूर तालुक्यात आहे, भिगवणपासून बारा किलोमीटरवर, उजनीच्या फुगवट्याजवळ. बारा घरं, सगळी भावकी. आखाडात, धुळवडीला आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बारा घरं मिळून एक बोकड कापतात. कापणारा भिगवणहून येतो, तुकडे करून देतो आणि निघून जातो. मग प्लास्टिकच्या कागदावर बारा वाटे पडतात. प्रत्येक वाट्यात फऱ्याचं, छातीचं, मानेचं मटण, थोडी कलेजी, थोडी चरबी आणि नळीचं एखादं हाड आलं पाहिजे. काटा वापरत नाहीत. वाटे पडले की एक जण त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर बोट धरून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठ केलेला माणूस एका घराचं नाव घेतो. अकरा घरं झाली की उरलेला वाटा वाटे घालणाऱ्याचा.

वाटे घालण्याचं काम चाळीस वर्षं माझ्या वडिलांकडे आहे. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणते, मीसुद्धा. आबा कधी ग्रामपंचायतीला उभे राहिले नाहीत. सोसायटीच्या कुठल्या पॅनेलात त्यांचं नाव आलं नाही. लग्नाच्या बैठकीत त्यांना कुणी मत विचारत नाही, आणि तेही देत नाहीत. बारा घरं त्यांच्यासाठी थांबतात असं हे एकच काम. एका धुळवडीला त्यांना ताप होता, तर दुपारी बारापर्यंत मटण तसंच झाकून ठेवलं होतं. शेवटी ते घोंगडी पांघरून आले आणि वाटे घालून गेले.

हे मला माहीत होतं. तरीही मी फरा मागितला.

मी बावीस वर्षं पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. नोकरी संपली तेव्हा बारामतीत फ्लॅट घेतला. घरी बसून दुसऱ्यांचा मजकूर तपासायचं काम मिळालं. मांस धुरावर शिजवायचा नाद तिथे लागला. त्यामागे काही मोठं कारण नव्हतं. मोबाइलवर एक परदेशी माणूस बारा-बारा तास लोखंडी बॅरलसमोर बसून असायचा आणि त्याला कुणी काही विचारायचं नाही. मला ते आवडलं.

एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून मी खाद्यतेलाचं रिकामं बॅरल आणलं. वेल्डरकडून त्याला खाली हवेसाठी दार, मध्ये दोन जाळ्या आणि वर झाकणाला धुरासाठी भोक करून घेतलं. वेल्डरने तीनदा विचारलं की हे पाणी तापवायला आहे का. तिसऱ्यांदा मी हो म्हणालो.

पहिली कोंबडी बाहेरून कोळसा आणि आतून हाडापाशी लाल निघाली. दुसरी, निखारे कमी केल्यामुळे, चार तासांनीही कोमट होती. मग मांसात खुपसायचा थर्मामीटर मागवला. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलेली तिसरी कोंबडी बरी झाली. बायकोने एक तंगडी खाल्ली आणि विचारलं, "रस्सा कुठाय याचा?" त्यानंतर तिने त्यात लक्ष घातलं नाही.

मासा सोपा गेला. भिगवणच्या बाजारातून चिलापी आणायची, पोट साफ करून मीठ-हळद लावायची, दोन तास पंख्याखाली सुकवायची आणि तारेला टांगून मंद धुरी द्यायची. कातडी सोनेरी झाली की झालं. मरळ जास्त वेळ खाते, पण तिचं मांस सुटत नाही. मासे विकणारीला मी हे सांगितलं तेव्हा तिने शेजारणीकडे बघत म्हटलं, "ताजा मासा न्यायचा आन् सुकट करून खायचा. शिकलेली माणसं."

मटणाचं जमत नव्हतं. परदेशी माणूस सगळं सांगायचा ते चरबीच्या मांसाबद्दल. आपला बोकड कोरडा. धुरात चार तास ठेवला की चामड्यासारखा व्हायचा. दोन तासांनंतर तो केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून पुन्हा आत ठेवायचा, हे मला पाचव्या वेळी कळलं. वरून काकवी लावली तर रंग धरतो. ती शेवटच्या अर्ध्या तासात लावायची, आधी लावली की करपते.

लाकडाचंही तसंच. बाभळीचा निखारा टिकतो, पण तिची आच कडक असते. चिंचेचा धूर डोळ्यांना झोंबतो. आंब्याच्या लाकडाचा धूर सौम्य असतो. ते मी सॉ मिलमधून पोत्याने आणायचो. परदेशी माणसाचं सांगणं होतं की फळझाडाचं लाकूड सगळ्यांत चांगलं. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. ते पुढे महागात पडलं.

बारामतीतलं प्रकरण उन्हाळ्यात संपलं. मी गच्चीवर मरळ टांगली होती आणि त्याच गच्चीवर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या कुरडया वाळत होत्या. वारा फिरला. बाईंनी एक कुरडई तळली, ताटलीत घातली आणि माझ्या दारात आणून ठेवली. संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन आले. त्यांनी सभ्यपणे सांगितलं की गच्ची सगळ्यांची आहे. मी नियमावली मागितली. त्यात धुराचा उल्लेख नव्हता, हे मी दाखवून दिलं. त्यावर ते म्हणाले, "नियम दाखवताय तर नियमानं जाऊ. गावाकडं जागा हाय ना तुम्हाला? तिकडं काय पेटवायचं ते पेटवा." आठवड्याने गच्चीच्या दाराला नवं कुलूप लागलं. किल्ली मागायला मी गेलो नाही. बॅरल टेम्पोत घालून वस्तीवर नेलं.

वस्तीवर अडचण येणार नाही असं मी धरून चाललो होतो. आमच्यात मटण घरात शिजत नाहीच. त्याची चूल अंगणात, भांडी वेगळी, आणि ती भांडी शेजारच्या छपरात राहतात. बॅरल छपराशेजारी ठेवलं. आबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्यात काय साठवायचं?" मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आईने दुसऱ्याच दिवशी त्याच्या झाकणावर कांद्याचं बी वाळत घातलं.

आता चुलत भावाबद्दल. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, मी त्याला दादा म्हणतो. त्याचं रान आमच्या रानाला लागून आहे, मध्ये एक बांध. त्याची दोन एकर डाळिंबाची बाग होती. तिच्यावर तेल्या रोग आला. फळांवर काळे डाग, मग भेगा. चार वर्षं त्याने झाडं वाचवायचा प्रयत्न केला आणि दोन वर्षांपूर्वी जेसीबी लावून बाग उपटली. आता तिथे ऊस आहे. बाग उपटली त्या दिवशी मी बारामतीत होतो. फोन करायचं ठरवलं होतं, केला नाही. उपटलेली खोडं त्याने बांधावर रचून वर ताडपत्री टाकली होती.

माझं आणि त्याचं फारसं पटत नव्हतं. मी वस्तीवर आलो की तो म्हणायचा, "आले का पेपरवाले, काय बातमी?" मी म्हणायचो, तुमच्यासारखी माणसं आहेत तोवर बातमीला तोटा नाही. यावर दोघंही हसायचो नाही.

तर रविवारी सकाळी बोकड कापला. बोकड वस्तीवरच वाढलेला होता. पाठीवर चरबी धरलेला, तसा बारामतीच्या दुकानात मिळत नाही. तिथे अख्खा फरा विकत मिळतो, आणि मी दोनदा आणलाही होता. त्या दिवशीही आणता आला असता. कापणाऱ्याने मागचा फरा सोडवला, लाकडावर ठेवला आणि सुरा उचलला, तेव्हा मी म्हणालो, "आबा, तो फरा तसाच राहू द्या. आपला वाटा त्यातच धरा."

मग दादा म्हणाला, "म्हंजी पसंत करून घ्यायचा वाटा. चांगलं हाय."

मी सांगितलं की मी स्प्रिंगचा काटा आणलाय, फरा वाट्याएवढाच भरेल, थोडा जास्त भरला तर तेवढा काढून देतो. कुणाचं काही जात नाही.

"काटा आणलाय," दादा बाकीच्यांना म्हणाला. "आबांच्या हातावर काटा आणलाय पोरानं."

आबा खाली बघत होते. त्यांनी कापणाऱ्याला हाताने थांबवलं आणि फरा उचलून पाटीत ठेवला. मग उरलेल्याचे वाटे घातले, अकरा. त्यांना एरवी वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी जवळजवळ पाऊण तास लागला. फऱ्याचं मटण एकाच बाजूचं राहिल्यामुळे ते अकरांत पुरवताना त्यांनी दोन वाटे मोडून पुन्हा घातले. हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नावं घेऊन झाली तेव्हा शेवटी काही उरलं नाही.

आईला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "लोकांसमोर मागितलंस. न्हाय म्हणले असते तर तू तोंड कुठं लपवलं असतंस? म्हणून दिला त्यांनी. तुझ्या त्या डब्यासाठी न्हाय."

मी त्यावर उपाय काढला होता. वाटे घेऊन माणसं निघाली तेव्हा मी मोठ्याने सांगितलं होतं की दुपारी तीनला सगळ्यांनी आमच्या अंगणात यायचं, हाच फरा सगळ्यांना खायला मिळेल. दादा म्हणाला, "येतो की. सोडतो व्हय."

पावणेदहाला बॅरल पेटवलं. फऱ्याला मीठ, लसूण, जिरं आणि घरचा काळा मसाला लावला होता. साडेअकराला आंब्याचं लाकूड संपलं. पोतं अर्धं होतं, हे बारामतीहून निघताना पाहायचं राहून गेलं. आच खाली येत होती. मी बांधावर गेलो, ताडपत्री वर केली आणि मनगटाएवढी सात-आठ लाकडं घेऊन आलो. वाळलेली होती. डाळिंब हे फळझाड आहे, एवढाच विचार मी केला. धूर पातळ आणि निळसर यायला लागला. तसाच यायला हवा असतो.

दोन वाजता आई अंगणात आली, धुराकडे पाहिलं आणि विचारलं लाकडं कुठली. मी सांगितलं. ती म्हणाली, "ती बंबाची हायती." मला वाटलं, आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला ठेवलेली लाकडं मी आणली म्हणून ती नाराज आहे. मी म्हणालो, परत आणून देईन. ती आत गेली. तिने अजून एखादं वाक्य बोलायला हवं होतं, असं मी नंतर तिला म्हणालो. ती म्हणाली, "चुलीला न्हाय, बंबाला, म्हणजे काय हे हितल्या बारकाल्या पोरालाबी कळतं."

तीन वाजता नऊ जण आले. फऱ्याचा रंग गडद तांबडा झाला होता. थर्मामीटर नव्वद दाखवत होता, हाड हाताने सुटत होतं. याआधी माझ्याकडून इतकं चांगलं मटण झालं नव्हतं. मी ते पाटावर ठेवून कापायला घेतलं. आबा ओट्यावर बसले होते. पहिली ताटली कुणाच्या हातात द्यायची, हे मी त्यांना विचारणार होतो.

दादा बॅरलकडे गेला. शेजारी दोन लाकडं उरली होती. त्यातलं एक त्याने उचललं आणि अंगठ्याच्या नखाने साल खरवडली.

"ही कुठनं आणली?"

"बांधावरनं."

"माझी?"

मी हो म्हणालो. दोन दिवसांत तेवढी आंब्याची आणून देतो, असंही म्हणालो.

त्याने आवाज चढवला नाही. "आठ-पंधरा दिवसाला एक फवारा मारलाय ह्या झाडांवर," तो म्हणाला. "चार वर्षं. मोरचूद झालं, बुरशीचं झालं, किडीचं झालं. दुकानदार दील ते मारलं. साल निळी पडायची. आमी ह्यावर चहा करत न्हाय. आन् तू ह्याच्या धुरात मटण घातलंस आन् भावकीला जेवाय बोलावलंस."

मी म्हणालो, दोन वर्षं झाली, औषधाचा अंश इतके दिवस राहत नाही. हे मला माहीत नव्हतं. मी ते माहीत असल्यासारखं बोललो.

"मग तू खा," दादा म्हणाला. "तू आधी खा. आमी बघतो."

मी एक फोड उचलली. ओट्यावरून आबा म्हणाले, "ठेव खाली."

मी ठेवली. दादाने हातातलं लाकूड बॅरलच्या झाकणावर ठेवलं. "बाग उपटली तवा ह्यातलं कोण बांधावर आलं न्हवतं," तो म्हणाला. "आज तिचा धूर खायला नऊ जणं आली."

माणसं उठून गेली. चप्पल घालताना एकाने आबांना नेहमीप्रमाणे रामराम केला. बाकीच्यांनी केला नाही. आबांनी खोरं घेतलं, छपरामागे गुडघाभर खड्डा खणला आणि फरा, ताटल्यांतल्या फोडी, केळीची पानं त्यात टाकली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले. मी खोरं मागितलं. त्यांनी दिलं नाही. त्या दिवशी आमच्या घरी पिठलं झालं.

दुसऱ्या दिवशी मी कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याला फोन केला. अशा लाकडाच्या धुरावर शिजवलेलं मांस घातक असतं का, असं विचारलं. त्यांनी उलट विचारलं की असं कोण करतं. मग सांगितलं की तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण त्यांनी स्वतः खाल्लं नसतं. लाकडाचा तुकडा मी तपासायला पाठवला नाही. ते मटण कुणीच खाल्लं नव्हतं, त्यामुळे कुणाला त्रास झाल्याचाही प्रश्न आला नाही.

गुरुवारी संध्याकाळी दादा घरी आला. अंगणात उभा राहिला, आईने चहा विचारला, नको म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. आखाडातल्या शेवटच्या रविवारी पुन्हा बोकड ठरला आहे, असं त्याने आबांना सांगितलं.

"सगळ्यांचं बोलणं झालंय, आबा. ह्या घराचा वाटा धरायचा न्हाय. वाटा घराचा असतो. ज्या घरातनं फरा मागायची सुरुवात झाली, तितनं उद्या दुसरा कलेजी मागंल. पर हात तुमचाच लागंल. दुसऱ्या कुणाच्या हातचं चालायचं न्हाय, ह्येबी सगळ्यांनी सांगितलंय."

मी म्हणालो की वाटा नसेल तर आबा येणार नाहीत. आबा म्हणाले, "तुला इच्यारलं न्हाय." मग दादाला म्हणाले, "किती वाजता?"

"साडेआठ."

तो गेल्यावर मी बराच वेळ बोललो. हा अपमान आहे, तुम्ही गेलात तर ते बरोबर ठरतात, न गेलात तर त्यांचे वाटे कोण घालतो ते बघू, असं बरंच. आबा बैलाच्या जुन्या दाव्याला गाठ मारत होते. बैल विकून सहा वर्षं झाली आहेत. माझं संपल्यावर ते म्हणाले, "काटा घिऊन तू जा मग." पुढे आठ महिन्यांत ते माझ्याशी जेवण, दवाखाना आणि मोटारीची वीज एवढ्याबद्दलच बोलले.

शेवटच्या रविवारी ते आठला निघाले. मी बांधापर्यंत गेलो, तिथून सगळं दिसतं. त्यांनी वीस मिनिटांत अकरा वाटे घातले. एकदाही मोडले नाहीत. एक जण पाठ करून उभा राहिला, दादाने वाट्यांवर बोट धरलं, नावं घेतली गेली. शेवटचं नाव घेतल्यावर कागदावर काही उरलं नाही. आबा हौदावर हात धुऊन माझ्या समोरूनच घरी गेले. कुणीतरी त्यांच्या हातात पिशवी द्यायला पुढे झालं होतं. त्यांनी घेतली नाही.

बॅरलमध्ये आता आई गोवऱ्या ठेवते. थर्मामीटर आणि काटा बारामतीला आहेत. त्यानंतर मी धुरावर काही शिजवलेलं नाही. आंब्याचं लाकूड एका पोत्यात भरून दादाच्या बांधावर नेऊन ठेवलं होतं. आठवड्याने ते पोतं आमच्या अंगणात परत आलं. कोण ठेवून गेलं ते कुणी पाहिलं नाही.

या धुळवडीला मी वस्तीवर होतो. बोकड सकाळी आठला कापला. वाटे आबांनी घातले. अकरा पडले. सव्वानऊला ते घरी आले. हातात काही नव्हतं.